मधुमेहातील खाज आणि स्वच्छतेचा प्रश्न

बेळगाव-निपाणी परिसरात मधुमेह म्हटला की भात, साखर आणि गोळ्या यांचीच चर्चा होते. खाजेची होत नाही. वस्तुतः जांघेत, काखेत किंवा गुप्तांगावर वारंवार येणारी खाज हे कित्येकदा या आजाराचे पहिले लक्षण असते. लाजेपोटी ते घरातल्या माणसांनाही सांगितले जात नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत.

रक्तातील साखर फार वाढली की ती लघवीवाटे बाहेर पडते. साखर आणि ओल एकत्र आली की कँडिडा ही बुरशी वाढते. उलट पायांत, नसा बधिर झाल्याने घाम येईनासा होतो, कातडी कोरडी पडते आणि टाचा फुटतात. म्हणजे एकाच माणसाची जांघ ओली आणि टाच कोरडी. दोन्हींना एकच उपाय चालत नाही. (ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते त्या गोळ्या साखर मुद्दाम लघवीतून काढतात, त्यामुळेही अशी खाज उद्भवते. गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे.)

निपाणीत विड्या वळणाऱ्या स्त्रिया मांडीवर सूप घेऊन तासन् तास बसतात. घामाने जांघा ओल्या राहतात. त्यात मशेरीची सवय असेल तर निकोटीनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखम भरायला वेळ लागतो. खाज सुटली की दुकानातून मलम आणले जाते. अशा पुष्कळ मलमांत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टिरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी पसरतच राहते आणि नायट्याचे रूप बदलल्याने तो ओळखणेही कठीण होते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्टिरॉइडयुक्त मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीवर निर्बंध घातले, तरी सवय मोडलेली नाही. जंतुनाशक द्रव घालून पुन्हा पुन्हा धुणे हा दुसरा गैरसमज. त्याने कातडी अधिकच चिडते. साधे पाणी, सौम्य साबण, सुती कपडे आणि अंग पूर्ण कोरडे करणे एवढे पाळल्यास पुष्कळ आराम पडतो. मात्र साखर आटोक्यात नसेल तर खाज परत येते.

दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पाय धुतले जातात, पण ते पुसण्याकडे दुर्लक्ष होते. ओल्या पायांनीच मोजे किंवा चप्पल चढते. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि मधुमेहीच्या पायात त्या चिरेतून जंतू आत शिरतात. वास्तविक वुजूमध्ये बोटांच्या बेचक्यांत बोट फिरवण्याची, म्हणजे खिलालची, रीत आहेच. त्याच वेळी बेचकी बोटांनी तपासावी, तळवा डोळ्यांनी पाहावा आणि वेगळ्या सुती फडक्याने टिपून घ्यावा, तर पायाची रोजची तपासणी आपोआप होते. खोबरेल तेल टाचेला लावावे, बेचकीत नव्हे. जखमेला पाणी बाधत असेल तर पट्टीवर मसह आणि आजाऱ्याला तयम्मुम यांची सवलत आहे. तिचा लाभ घेण्यात संकोच नसावा.

हिवाळ्यात पाणी गरम करून घेतात, तेव्हा ते पायाने अजमावू नये. बधिर पायाला चटका कळत नाही, कोपराने पाहावे. कोल्हापुरी चपलेचा अंगठा नवा असताना घासतो, तो फोडही असाच न दुखता चिघळतो. पाय लाल झाला, सुजला, पाणी सुटले किंवा वास येऊ लागला, तर दुखत नाही म्हणून थांबू नये, त्याच दिवशी दवाखान्यात जावे.