पाण्यातील फ्लोराइडचा आकडा : भरवसा कितपत ठेवावा?

पाणी दिसावयास स्वच्छ आणि चवीला गोड असले म्हणजे ते पिण्यास योग्यच, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु फ्लोराइड रंगावरून वा चवीवरून ओळखता येत नाही. ते तपासणीतूनच कळते. तेव्हा त्या तपासणीचा आकडा कितपत विश्वसनीय, हे आपण समजून घेणे अगत्याचे आहे.

भारतीय मानकानुसार एक लिटर पाण्यात फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास लहान मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडतात; प्रमाण फारच असल्यास पुढे हाडे व सांधे आखडतात. भारतात या विकाराची नोंद प्रथम १९३७ साली नेल्लोर जिल्ह्यात झाली. आपल्या राज्यात यवतमाळ व चंद्रपूर हे जिल्हे त्यासाठी परिचित आहेत. वेळापूरचा भाग काळ्या पाषाणाचा. अशा खडकात फ्लोराइड सहसा कमी असते. तरी खोल बोअरचे पाणी खडकात दीर्घकाळ राहिलेले असल्याने शेजारच्या दोन बोअरचे आकडेही वेगळे येऊ शकतात. म्हणून एका बोअरचा अहवाल साऱ्या गावाला लागू होत नाही.

तपासणीच्या प्रमुख पद्धती दोन. पहिलीत झिर्कोनियमयुक्त लाल रंगद्रव्य पाण्यात मिसळतात. फ्लोराइड झिर्कोनियमला ओढून घेते व रंग फिका होतो. जितका रंग फिका, तितके फ्लोराइड अधिक. पण नळाच्या पाण्यातील क्लोरीनही रंग उडविते, त्यामुळे आकडा फुगतो. उलट तुरटीतील ॲल्युमिनियम फ्लोराइडला धरून ठेवते, त्यामुळे आकडा घटतो. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत फ्लोराइड काढण्यासाठी तुरटीच वापरतात. म्हणजे शुद्ध केलेले पाणी तपासताना नेमकी अधिक खबरदारी हवी! दुसऱ्या पद्धतीत फ्लोराइड ओळखणारा इलेक्ट्रोड असतो व विशिष्ट द्रावण घालून अडकलेले फ्लोराइड मोकळे करून घेतात. गावातील तपासणी संचात रंगपट्टीशी डोळ्यांनी जुळवणी होते, १.४ व १.६ मधील भेद त्यावरून ठरविणे योग्य नव्हे. आणि बोअर चालू ठेवावी की बंद करावी, हा निर्णय तर नेमका तेथेच अडतो.

आम्ही बँकेतील माणसे. एकाने लिहिलेली नोंद दुसऱ्याने पडताळल्याविना आमच्याकडे दिवस संपत नाही. प्रयोगशाळेतही हाच नियम आहे : प्रमाण आधीच ठाऊक असलेले द्रावण त्याच दिवशी तपासावे, एकच नमुना दोनदा मोजावा, आणि मर्यादेजवळचा आकडा दुसऱ्या पद्धतीने पडताळावा.

सभासदांनी ग्रामपंचायतीकडे अहवाल मागताना चार गोष्टी विचाराव्यात : नमुना कोणत्या बोअरचा, कोणत्या तारखेचा, कोणत्या पद्धतीने तपासला व पडताळणी झाली काय? विद्यार्थ्यांनी नमुना नेताना प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने विसळून घ्यावी व तिच्यावर ठिकाण, तारीख लिहावी. आणखी एक गोष्ट घरोघरी सांगावी : उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड मात्र जात नाही.