टोल्किन बोलत असतांना

कांहीं ग्रंथकारांचीं पुस्तकें वाचतां वाचतां वाचकाच्या मनांत त्यांचा एक आवाज तयार होतो. ग्रंथकारास प्रत्यक्ष ऐकण्याचा योग कधीं आलेला नसतो. तरीहि तो असाच बोलत असणार, अशी वाचकाची खात्री असते. ‘द हॉबिट’ व ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ह्या अद्भुत कथांचे कर्ते जे. आर. आर. टोल्किन यांच्या चाहत्यांनीं मनाशीं धरलेला आवाज बहुधा संथ, खर्जांतला आणि एखाद्या वृद्ध पुराणिकाला शोभेल असा असतो. अशा चाहत्यानें टोल्किन यांचा १९६८ सालचा जुना मुलाखतपट प्रथमच लावला, म्हणजे पहिल्या दोन मिनिटांतच त्याची त्रेधा उडते. समोरचे गृहस्थ पाइप ओढतां ओढतांच बोलत आहेत; शब्दामागून शब्द धांवत सुटले आहेत; त्यांतले निम्मे ओठांबाहेर पडतात, निम्मे आंतल्या आंत गिळले जातात; आणि मध्येंच स्वतःच्याच एखाद्या विनोदावर स्वारी खुदकन हंसते.

हा पट बी.बी.सी.नें काढला. चित्रण १९६८ च्या फेब्रुवारींत ऑक्सफर्ड येथें झालें, आणि त्याच वर्षीं ३० मार्च रोजीं तो दूरचित्रवाणीवर दाखविण्यांत आला. दिग्दर्शक लेस्ली मेगही हे अगदीं तरुण होते. टोल्किन यांस तेव्हां ७६ वर्षें पुरीं झालीं होतीं. पटाची लांबी अर्ध्या तासाहूनहि कमी. परंतु टोल्किन यांस बोलतांना पाहण्याचीं साधनेंच इतकीं थोडीं आहेत कीं, त्यांचे वाचक हा लहानसा पट पुनःपुन्हा पाहतात.

आमच्या घरीं तो आमच्या भाचीनें लावला. कथेचे तिन्ही खंड तिनें तीनदां वाचलेले. “मामा, हे असे कसे बोलतात हो? मला एक वाक्य धड कळेल तर शपथ!” असें ती आरंभीं म्हणाली; आणि पट संपल्यावर तिनेंच तो पुन्हा पहिल्यापासून लावला. तिची ही तक्रार नवी नव्हे. ऑक्सफर्डचे विद्यार्थीसुद्धां प्रोफेसरमजकुरांच्या अस्पष्ट बोलण्याविषयीं कुरकुरत असत. मात्र ‘बेओवुल्फ’ हें प्राचीन आंग्ल काव्य ते वर्गांत मोठ्यानें म्हणूं लागले कीं सारा वर्ग स्तब्ध होई. कवि डब्ल्यू. एच. ऑडेन यांनीं विद्यार्थिदशेंत तें पठण ऐकलें होतें व तें ते जन्मभर विसरले नाहींत. पटांतहि, थोडा धीर धरून ऐकल्यास, त्या गडबडीच्या बोलण्याला एक लय आहे हें हळूहळू ध्यानांत येतें. दुसऱ्या वेळीं पाहणारा चाहता बहुधा तक्रार करीत नाहीं.

आम्हांस सर्वांत आवडला तो भाग उत्तरपत्रिकांचा. प्राध्यापकाच्या वेतनांत प्रपंचाचीं तोंडें मिळत नसत, म्हणून टोल्किन उन्हाळ्यांत शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपाशीत असत. एकदां एका विद्यार्थ्यानें एक संबंध पान कोरें सोडलेलें आढळलें. वाचावयास कांहींच नाहीं, ह्या आनंदांत त्या मुलाला पांच गुण अधिक देण्याचा मोह झाला, असें ते पटांत मिस्किलपणें सांगतात. त्याच कोऱ्या पानावर, कां कोण जाणे, त्यांनीं जमिनींतल्या बिळांत राहणाऱ्या एका हॉबिटाविषयीं एक वाक्य खरडलें. हॉबिट म्हणजे कोण, हें तेव्हां त्यांचें त्यांनाहि ठाऊक नव्हतें. पुढील सारा पसारा त्या एका वाक्यांतून वाढला.

हें ऐकतांना आम्हांस आमच्या माजघराची आठवण झाली. तीर्थरूप पुष्कळ वर्षें परीक्षक होते. मे महिन्यांत घरांत पेपरांच्या गठ्ठ्यांची रास लागे आणि आम्हां भावंडांस तिकडे फिरकण्याची सक्त मनाई असे. एखादी पुरवणी कोरी निघाली कीं त्यांचा चेहरा असाच उजळे. कादंबरी मात्र त्यांनीं कधीं लिहिली नाहीं. आणि त्यांचा आवाज कोणीं कोठें मुद्रित करूनहि ठेवला नाहीं. तेव्हां परक्या देशांतील एका वृद्ध गृहस्थाचें पुटपुटणें ऐकून माणसें हळवीं कां होतात, हें आम्हांस समजावून सांगण्याची गरज पडली नाहीं.

चाहत्यांच्या जिव्हाळ्याचीं स्थळें ठरलेलीं आहेत. टोल्किन आपल्या कल्पित यक्षजातीची लिपि कागदावर सहज वळणानें लिहून दाखवितात, तें एक. दुसरें स्थळ वृक्षांचें. आपल्याला वृक्षांची विलक्षण ओढ आहे, एखाद्या झाडाशीं संवाद साधून त्याला जगाविषयीं काय वाटतें हें विचारतां आलें असतें तर बरें झालें असतें, अशा आशयाचें कांहींसें ते बोलतात. त्यांच्या कथेंतील चालते-बोलते वृक्ष ज्यांनीं वाचले आहेत, त्यांना ह्या साध्या उद्गारांतून त्यांचें मूळच हातीं लागल्यासारखें होतें. उलट, ऑक्सफर्डचे कांहीं तरुण विद्यार्थी ह्या कथांवर पटांत जो अभिप्राय देतात, त्यावर चाहते आजहि चिडतात. आम्हांस तो राग थोडा अनाठायीं वाटतो. विशीच्या वयांत लोकप्रिय पुस्तकाला नाकें मुरडण्याचा हक्क कोणीं बजावलेला नाहीं?

पुढें पटाचा सूर पालटतो. माणसाचें मन दीर्घकाळ धरून ठेवणारी कोणतीहि मोठी कथा अखेर एकाच गोष्टीविषयीं असते, आणि ती गोष्ट म्हणजे मृत्यु, असें टोल्किन म्हणतात. त्यासाठीं ते वर्तमानपत्रांत आलेलें, फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हार यांचें एक वचन वाचून दाखवितात. मरण सर्वांनाच आहे, तरीहि ज्याच्या त्याच्या दृष्टीनें तो एक अन्यायकारक घालाच असतो, असा त्याचा मथितार्थ. आणि आपल्या महाकथेचें मर्म हेंच, असें ते सांगतात. इतका वेळ खुदखुदणारा हा माणूस येथें एकाएकीं स्पष्ट बोलूं लागतो. हें सांगणारा मनुष्य चौथ्या वर्षीं पितृहीन व बाराव्या वर्षीं मातृहीन झालेला होता. १९१६ सालीं सोम नदीकांठच्या रणभूमीवर तो खंदकांत राहिला होता, आणि १९१८ पर्यंत त्याच्या जिवलग मित्रांपैकीं एक सोडून बाकी सारे मृत्यु पावले होते. आमची भाची येथें पट थांबवून बराच वेळ गप्प बसली.

आतां गमतीची गोष्ट अशी कीं, ज्या पटावर चाहते इतके लुब्ध आहेत, तो खुद्द टोल्किन यांस मुळींच रुचला नव्हता. चित्रण आटोपल्यावर थोड्याच दिवसांनीं, २९ फेब्रुवारी रोजीं, त्यांनीं संगीतकार डोनाल्ड स्वान यांस लिहिलेलें पत्र त्यांच्या १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पत्रसंग्रहांत आहे. दिग्दर्शक मोठा सालस व बुद्धिमान तरुण, पण आपण जसे आहों तसें दाखविण्याची इच्छाच त्याला नव्हती. शेकोटीपुढें बसलेला एक जुनाट हॉबिट एवढेंच आपलें सोंग त्याला हवें होतें, असा त्या पत्राचा रोख आहे. पटांत दारूकामाची मोठी आतषबाजी आहे. तिच्याशीं आपला विशेष संबंध नाहीं. गॅन्डाल्फ ह्या पात्रासाठीं ती कथेंत आली इतकेंच, असेंहि त्यांनीं बजावलें. वास्तविक १९५८ सालीं एका वाचकास त्यांनीं आपण होऊनच कळविलें होतें कीं, उंची सोडल्यास मी हॉबिटच आहें! पण स्वतःची थट्टा स्वतः करणें निराळें, आणि दुसऱ्यानें ती कॅमेऱ्यापुढें मांडणें निराळें.

आजचे चाहते मात्र न ठरवितां टोल्किन यांच्याच बाजूला जाऊन उभे राहतात. आतषबाजी कशाला, मध्यें मध्यें इतरांचीं भाषणें कशाला; तेवढा वेळ त्यांनाच बोलूं द्यावयाचें होतें, असें बहुतेकांचें म्हणणें. त्या चित्रणांतील न वापरलेल्या संभाषणाचें कांहीं ध्वनिमुद्रण बी.बी.सी.च्या संग्रहांत सांपडलें आणि २०१६ सालीं तें रेडिओवर ऐकविण्यांत आलें, तेव्हां ही हळहळ कांहीं अंशीं शमली.

पण चाहत्यांच्या प्रेमाची दुसरीहि बाजू आहे. १९६५ नंतर अमेरिकेंत स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि टोल्किन यांच्या घरीं पत्रांचा पाऊस पडूं लागला. घड्याळांतील अंतराचें भान न ठेवतां तिकडील वाचक भर मध्यरात्रीं दूरध्वनि करीत व कथेंतील शंका विचारीत. शेवटीं त्यांस आपला क्रमांक यादींतून काढून टाकावा लागला. पट दाखविला गेल्यावर तीन महिन्यांच्या आंतच, जून १९६८ मध्यें, सामानाची बांधाबांध चालली असतां ते जिन्यावरून पडले व पायाला मोठी दुखापत झाली. मग पति-पत्नी बोर्नमथ येथें, कोणाला पत्ता लागूं न देतां, राहूं लागलीं. पत्नी ईडिथ १९७१ च्या नोव्हेंबरांत गेल्या. टोल्किन पुन्हा ऑक्सफर्डला एकटेच परतले आणि २ सप्टेंबर १९७३ रोजीं निवर्तले. म्हणजे पटांत दिसतें तें ऑक्सफर्डचें बिऱ्हाड लौकरच मोडावयाचें होतें.

दर वर्षीं ३ जानेवारीस, त्यांच्या जन्मदिवशीं, रात्रीं नऊ वाजतां देशोदेशींचे वाचक पेला उंच करून ‘प्रोफेसरां’चें स्मरण करतात. यंदां त्या रात्रीं आमच्या भाचीनें चहाचाच पेला उचलला आणि वृक्षांचा भाग पुन्हा एकदां लावला. त्यांतला एक शब्द तिला अजून लागलेला नाहीं. आम्हीं तीनदां कान देऊन ऐकला. आम्हांसहि लागला नाहीं.