फुटबॉलचें मैदान आणि त्याची राखण

फुटबॉल हा गरिबांचा खेळ आहे असें म्हणतात, आणि तें एका अर्थीं खरें आहे. एक चेंडू मिळाला कीं बावीस गडी खेळूं शकतात. परंतु या स्वस्त खेळाला एक महाग वस्तु लागते. ती म्हणजे जमीन. मोठ्या सामन्यांसाठीं मैदानाची प्रमाणित लांबी १०५ मीटर व रुंदी ६८ मीटर धरतात. म्हणजे सुमारें पावणेदोन एकर जागा नुसत्या रेषांच्या आंत जाते.

जालना जिल्ह्यांत या प्रश्नाला मातीची अडचण येऊन मिळते. काळी माती कापसाला उत्तम, खेळाला मात्र वाईट. पावसाळ्यांत ती फुगून चिकट होते व चेंडू जागींच रुततो. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात व धांवणाऱ्या मुलाचा पाय मुरगळतो. म्हणून मैदान सुधारावयाचें तर आरंभ प्रेक्षकांच्या पायऱ्यांपासून न करतां जमिनीच्या पोटापासून केला पाहिजे. वरची माती उपसावी, तळाशीं खडी घालावी, तिच्यावर वाळूमिश्रित मातीचा थर द्यावा, मध्यापासून कडांकडे शंभर हातांस एक हात असा उतार ठेवावा आणि भोंवतीं चर खणावे. शेतकरी जिला तण म्हणून उपटतो, ती हरळीच येथें सर्वांत उपयोगी गवत ठरते.

हरळी जगवावयाची तर पाणी हवें. दररोज पांच मिलिमीटर पाणी द्यावयाचें धरलें, तर एवढ्या मैदानाला रोज सुमारें ३६ हजार लिटर लागतात. २०१२-१३ च्या दुष्काळांत जो जिल्हा होरपळला, तेथें पिण्याचें पाणी गवतावर ओतणें कोणासहि पटणार नाहीं. शुद्ध केलेलें सांडपाणी किंवा सांठविलेलें पावसाचें पाणी हाच मार्ग उरतो. मुंबईच्या कूपरेज मैदानावर घातली गेली तशी कृत्रिम हिरवळ पाणी कमी मागते. पण ती उन्हांत तापते, आणि आठदहा वर्षांनीं बदलावी लागते.

पैसा कोठून येतो? राज्याच्या क्रीडा विभागाची क्रीडांगण विकास अनुदान योजना आहे. जिल्हा वार्षिक योजना आहे. खासदारांचा स्थानिक विकास निधि आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक आकाराच्या कंपन्यांनीं सरासरी नफ्याचे शेंकडा दोन समाजकार्यावर खर्चावे असें ठरविलें, व त्या कार्यांच्या यादींत खेळांचें प्रशिक्षणहि आहे. लोखंडाचे कारखाने व बियाण्यांच्या कंपन्या असलेल्या जालन्याला हा आधार थोडा नाहीं.

परंतु या बहुतेक रकमा मैदान बांधण्यासाठीं मिळतात, राखण्यासाठीं नव्हे. गवत कापणें, रोलर फिरविणें, पाणी देणें, राखणदाराचा पगार हा खर्च दरवर्षीं उभा राहतो आणि त्याला धनी नसतो. मग उद्घाटनानंतर दोन पावसाळ्यांत मैदान पुन्हां गुरांचें होतें. किंवा तेथें लग्नांचे व सभांचे मांडव पडतात आणि खुंटांच्या भोंकांनीं जमिनीची चाळण होते.

कोल्हापुरानें याचें उत्तर आपल्या रीतीनें शोधलें. तेथें पेठांतील तालमींनीं कुस्तीबरोबर फुटबॉलहि उचलला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हां लोक तिकीट काढून येतात. १९४० सालीं स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्टस् असोसिएशन स्पर्धांची व्यवस्था पाहते. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारताकडून खेळला.

जालन्याला एवढी गर्दी लगेच मिळणार नाहीं. म्हणून तेथें आरंभीं लेखी करार हवा. जागा महानगरपालिकेची वा शाळेची, राखणीची जबाबदारी क्लबांची, आणि मोठ्या क्लबांच्या वर्गणींतील ठरीव वांटा राखणीच्या खात्यांत, असें त्यांत स्पष्ट असावें. वेळांचीहि वांटणी हवी. गवत अमर्याद खेळ सोसत नाहीं. आणि वेळ अपुरा पडला कीं दांडगे गडी मैदान घेतात व मुलें कडेला उभीं राहतात. सायंकाळचा पहिला तास मुलांचा, हा नियम फळ्यावर लिहावा. मुलांना पूर्ण मैदान लागतहि नाहीं. हलते गोल लावून त्याच जागेंत आडवे दोन लहान सामने चालतात.

घाणेवाडीच्या तलावांतील गाळ काढण्यासाठीं जालन्याचे नागरिक स्वतः पुढें झाले, कारण तलावाची किंमत दुष्काळानें त्यांना शिकविली होती. मैदानाच्या बाबतींत संकट असें येऊन सांगत नाहीं. मैदान गेलें म्हणून नळ कोरडे पडत नाहींत. संध्याकाळीं कांहीं मुलें रस्त्याच्या कडेला नुसतीं बसलेलीं दिसूं लागतात, एवढेंच.