जुनी नायट्रोजन टाकी घेताय? आधी व्हॅक्यूम तपासा

लेझर कटिंगसाठी लिक्विड नायट्रोजनची जुनी टाकी स्वस्तात मिळतेय? जरा थांबा. आतला माल असतो उणे १९६ अंश सेल्सिअसला. म्हणून टाकीच्या दोन भिंतींमध्ये परलाइटची पूड भरून तिथली हवा काढून घेतात. पूड किरणांनी येणारी उष्णता अडवते, व्हॅक्यूम हवेतून येणारी. व्हॅक्यूम गेला की त्याच पुडीतून साधारण वीसपट उष्णता आत शिरते. नायट्रोजन उकळून व्हॉल्व्हमधून उडून जातो, म्हणजे तुमचा पैसाच उडतो ना!

म्हणून टाकी भरलेली असतानाच बघायला जा. पाइपवर बर्फ साचला तर चालेल. पण बाहेरच्या भिंतीवर बर्फाचे चट्टे दिसले, वापर चालू असूनही सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा सुटत असला, तर नव्या रंगाला भुलू नका. गेजवर व्हॅक्यूम मोजून घ्या, मगच ॲडव्हान्स द्या.