वर्षाची बेगमी वाहणारी नदी

कॅनडाच्या वायव्य प्रदेशातील अनेक वस्त्यांपर्यंत बारमाही रस्ता आजही पोहोचलेला नाही. डिझेल, घरबांधणीचे साहित्य, वाहने, टिकाऊ अन्नधान्य अशी त्यांची वर्षाची बेगमी मॅकेन्झी नदीतून बार्जवर येते. ग्रेट स्लेव्ह सरोवरातून निघून आर्क्टिक महासागराला मिळणारी ही नदी १,७०० कि.मी.हून अधिक लांब आहे. मात्र वाहतुकीला तिचे पात्र साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंतच खुले असते. उरलेला काळ बर्फाचा.

१७८९ मध्ये अलेक्झांडर मॅकेन्झी या नदीमार्गे समुद्रापर्यंत पोहोचले. पुढे फरच्या व्यापाऱ्यांनी काठावर ठाणी उभारली. १८८० च्या दशकात हडसन्स बे कंपनीने वाफेच्या बोटी आणल्या. तरीही दक्षिणेकडून येणारा माल स्लेव्ह नदीवरील फोर्ट स्मिथजवळच्या खळाळांपाशी उतरवून जमिनीवरून पुढे न्यावा लागे.

या वाहतुकीला खरी चालना दिली ती खनिजाने. १९३० मध्ये ग्रेट बेअर सरोवराच्या काठी गिल्बर्ट लाबाइन यांना रेडियमयुक्त पिचब्लेंड सापडले. ते बाहेर काढण्यासाठी त्यांच्या एल्डोराडो कंपनीने १९३६ मध्ये नॉर्दर्न ट्रान्सपोर्टेशन ही नौवहन कंपनी विकत घेतली. 'रेडियम किंग', 'रेडियम क्वीन' ही तिच्या टगबोटींची नावेच पुरेशी बोलकी आहेत. दुसऱ्या महायुद्धात रेडियमपेक्षा युरेनियमला महत्त्व आले; येथील खनिज अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पापर्यंत गेले आणि १९४४ मध्ये कॅनडा सरकारने एल्डोराडो ताब्यात घेतली. खनिजाची पोती खांद्यावरून वाहणाऱ्या देने आदिवासींना त्यातील धोक्याची कल्पना मात्र देण्यात आली नव्हती. १९९८ मध्ये याच समाजाचे एक शिष्टमंडळ हिरोशिमाला जाऊन खेद व्यक्त करून आले.

मॅकेन्झीवरील बार्ज म्हणजे सपाट तळाची, स्वतःचे इंजिन नसलेली मालवाहू नौका. नदीत अशा अनेक बार्ज एकत्र बांधल्या जातात आणि टगबोट त्यांना मागून रेटते. सरोवरात व समुद्रात लाटांमुळे हे जमत नाही. तेथे त्या दोराने ओढाव्या लागतात. पात्र अरुंद आणि खळाळते होते तेथे ताफा सोडवून थोड्या थोड्या बार्ज पलीकडे न्यायच्या, पुन्हा बांधायच्या, असा हा खटाटोप असतो.

१९६४ मध्ये रेल्वे ग्रेट स्लेव्ह सरोवरावरील हे रिव्हर येथे पोहोचली आणि ते या वाहतुकीचे मुख्य बंदर झाले. १९८५ मध्ये सरकारने कंपनी इनुविअलुइट व इनुइट समाजांच्या संस्थांना विकली. ज्यांच्यासाठी माल जात होता, तेच मालक झाले. परंतु २०१६ मध्ये कंपनी कर्जात बुडाली. वस्त्यांचा पुरवठा तुटू नये म्हणून प्रादेशिक सरकारने तिची मालमत्ता विकत घेतली आणि सेवा स्वतः चालवायला घेतली.

मालक बदलला तरी निसर्गाची अडचण कायम राहिली. २०१८ मध्ये समुद्रातील बर्फामुळे पॉलाटुक, कुगलुक्टुक आणि केंब्रिज बे येथील फेऱ्या रद्द झाल्या. त्यानंतरचे संकट उलट दिशेने आले. दक्षिणेकडील पाणलोट क्षेत्रात पडलेल्या दुष्काळामुळे ग्रेट स्लेव्ह सरोवराची पातळी विक्रमी खाली गेली आणि २०२४ मध्ये नॉर्मन वेल्स, तुलिता या गावांच्या फेऱ्या पाण्याअभावी रद्द कराव्या लागल्या. विमानाने आणलेले इंधन महाग पडते. दक्षिणेकडून येणारा बारमाही रस्ता रिग्ली या गावाशी संपतो. त्यापुढे हिवाळ्यात बर्फावर तयार होणारा तात्पुरता रस्ताच काय तो आधार. तो टिकायला कडाक्याची थंडी लागते, तर बार्जला भरपूर पाणी. हवामानबदलाच्या काळात या दोहोंची शाश्वती कमी होत असल्याने, रस्ता रिग्लीच्या पुढे नेण्याची जुनी मागणी आता सोयीची न राहता जगण्याची झाली आहे.