दशांश चिन्हापलीकडची चुरस

सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे आधी भाला आणि गोळा फेकायची. मग हातात बॅट आली आणि एप्रिल २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना तिने अरुणाचल प्रदेशाविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा कुटल्या. टी-ट्वेंटीत दीडशेच्या पुढे गेलेली ती पहिली भारतीय, पुरुषांना धरूनसुद्धा! पुढच्याच वर्षी एका मोसमात तिची शेवटची गाठ कोणाशी पडणार, हे तिने न खेळलेल्या सामन्याने ठरवलं. ते कसं?

मार्च २०२३. महिला प्रीमियर लीगचा पहिलाच मोसम. पाच संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ, म्हणजे वाट्याला जेमतेम आठ सामने. पहिला संघ थेट अंतिम फेरीत, दुसऱ्या-तिसऱ्याची आपसात झुंज, बाकीचे दोघे घरी. इटलीच्या महिला फुटबॉल लीगला त्याच मोसमात व्यावसायिक दर्जा मिळाला होता. तिथले दहा संघ साखळी संपवून पुन्हा पाच-पाचच्या दोन गटांत लढले, तेव्हा कुठे रोमा पहिल्यांदा विजेता ठरला. आपल्याकडे एवढी उसंत कुठली?

किरण यूपी वॉरियर्झमध्ये होती. ५ मार्चला गुजरातविरुद्ध १७० धावांचा पाठलाग करताना तिने ५३ काढल्या, त्याही स्वतःच्या हाताने ‘एमएसडी ०७’ लिहिलेल्या बॅटने. धोनीवर इतकी भक्ती! यूपीने तिसरं स्थान गाठलं. वर मात्र पेच पडला. दिल्ली आणि मुंबई, दोघींचे सहा विजय, दोघींचे १२ गुण, आणि एकमेकींनाही एकेकदा हरवलेलं. आता मोठी कोण?

इथे निव्वळ धावगती पुढे येते. ज्वारीचा एकरी उतारा काढताना आपण प्रत्येक तुकड्याचा वेगळा हिशेब मांडून त्याची सरासरी घेत नाही. सगळं धान्य एकत्र करून सगळ्या एकरांनी भागतो. तसंच हे. मोसमभरात काढलेल्या सगळ्या धावा भागिले खेळलेली सगळी षटकं, त्यातून दिलेल्या धावांचा तसाच भागाकार वजा. आणि एक झकास अट: संघ बाराव्या षटकात गारद झाला तरी त्याच्या नावावर पूर्ण २० षटकंच मांडतात. नाहीतर लवकर बाद होणं फायद्याचंच ठरलं असतं!

म्हणून २० मार्चचा सामना मला थक्क करतो. मुंबईच्या २० षटकांत १०९ धावा. दिल्लीने त्या पार केल्या फक्त ९ षटकांत! दिल्ली रमतगमत विसाव्या षटकात जिंकली असती तरी गुण दोनच मिळाले असते, पण पहिला क्रमांक निसटला असता. वाचवलेली ११ षटकं हिशेबात अशी मुरली की साखळी संपली तेव्हा दिल्ली १.८५६ आणि मुंबई १.७११. फरक ०.१४५ चा. एका धावेचा सातवा हिस्सा म्हणा ना!

त्यामुळे मुंबई दुसरी आली आणि २४ मार्चला यूपीसमोर उभी ठाकली. १८३ धावांचा डोंगर. किरण एकटी भिडली, २७ चेंडूंत ४३. मग मुंबईच्या इसी वाँगने लागोपाठच्या तीन चेंडूंवर किरण, सिमरन शेख आणि सोफी एकलस्टनला बाद केलं. या लीगची पहिली हॅटट्रिक, आणि तिचा पहिला बळी आपली सोलापूरकर! मला हळहळ वाटते ती वाटतेच. (याच किरणने ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक ठोकलं, महिला टी-ट्वेंटीतलं जगातलं सर्वांत वेगवान.)

आणि ज्या दिल्लीने दशांशाच्या जोरावर थेट अंतिम फेरी गाठली, तिचं काय झालं? ब्रेबॉर्न मैदानावर ७९ धावांत नऊ गडी बाद. तिथून गोव्याच्या शिखा पांडेने आणि राधा यादवने शेवटच्या जोडीला ५२ धावा जोडल्या; दोघीही नाबाद २७! तरीही मुंबईने १३२ धावांचं लक्ष्य तीन चेंडू राखून गाठलं आणि पहिला करंडक तक्त्यातल्या दुसऱ्या संघाने उचलला.