फक्कीच्या रेषेवर उभा असलेला पंच

कबड्डीचा सामना शिट्टीने सुरू होत नाही, तो मैदान आखण्यापासून सुरू होतो. बुलडाणा जिल्ह्यात घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी आंतरमहाविद्यालयीन सामने होते. सकाळी मैदानावर टेप, खुंट्या आणि सुतळी घेऊन मुलं वाकलेली होती. आपली काळी माती या खेळाला फारशी सोयीची नाही. ओली झाली की तळव्याला चिकटते, वाळली की भेगाळते. म्हणून ढेकळं फोडायची, चाळलेली माती पसरायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि मगच फक्की टाकायची. पुरुषांसाठी 13 बाय 10 मीटर, महिलांसाठी 12 बाय 8. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे मीटरभर अंतरावर बोनस रेषा. त्यामागे बचावाला जेमतेम पावणेदोन मीटर माती उरते. त्या पट्ट्यात सात गडी उभे राहतात.

रेषेची रुंदी तीन ते पाच सेंटिमीटर. सगळा न्याय तिच्यावर, आणि मातीच्या मैदानावर पहिल्या दहा मिनिटांतच ती पायांखाली फिसकटायला लागते. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, तिथे रेषा हलत नाही. तालुक्याच्या ठिकाणी मात्र अजून बऱ्याचदा माती आणि अनवाणी पाय. पूर्वार्ध संपत आला की बोनस रेषेचा मधला भाग अंदाजानेच ओळखावा लागतो. मध्यंतराच्या पाच मिनिटांत कोणीतरी फक्कीचं घमेलं घेऊन धावतं. त्या पोराकडे कोणाचं लक्ष नसतं, पण उत्तरार्धातले निम्मे वाद त्याच्या हातात असतात.

एक चढाई पाहू. चढाईपटू उजवीकडून आत शिरला. मध्यरेषा ओलांडण्याआधी ‘कबड्डी’चा दम सुरू झालाच पाहिजे, उशीर झाला तर चढाई जाते आणि समोरच्या संघाला गुण मिळतो. आत गेल्यावर तो घाई करत नाही. डाव्या कोपऱ्यातला गडी मुद्दाम एक पाय पुढे टाकून उभा आहे. ते आमिष आहे. चढाईपटूने तो पाय टिपायला हात खाली नेला की शेजारचा गडी कमरेत शिरणार, मधले दोघे साखळी करून मागची वाट बंद करणार. चढाईपटूलाही ते ठाऊक आहे. तो पायाकडे बघतो, हात मात्र नेत नाही. एकदम विरुद्ध बाजूला वळून बोनस रेषेपलीकडे पाय टाकतो आणि परत फिरतो.

इथे पंचाचं काम बघण्यासारखं असतं. समोर सहा किंवा जास्त गडी असतील तरच बोनस. पलीकडे टेकलेलं पाऊल रेषेच्या पूर्ण पुढे हवं आणि त्या क्षणी मागचा पाय अधांतरी हवा. म्हणजे पंचाला एकाच वेळी दोन पाय बघायचे, एक टेकलेला आणि एक उचललेला. शिवाय हात कोणाला लागला का, झटापट होण्याआधी कोणी राखीव क्षेत्रात पाऊल टाकलं का, दम चालू आहे का, तीस सेकंद झाले का, हेही. मध्यरेषेच्या दोन टोकांना दोन पंच, त्यांच्यावर सरपंच, गुणलेखक टेबलाशी आणि दोन सहायक अंतिम रेषांच्या मागे. हे सहायक बाद गड्यांना क्रमाने बसवतात, कारण उठवायचंही त्याच क्रमाने. चांगला पंच निर्णय देताना हात उशिरा वर करत नाही. हात रेंगाळला की त्या अर्ध्या सेकंदात प्रेक्षक निर्णय देऊन मोकळे होतात.

आणि प्रेक्षक किती जवळ! घाटावरच्या महाविद्यालयाची पोरं गाडी करून आलेली, सोबत हलगी. घाटाखालचे यजमान, म्हणजे सगळं गाव त्यांचं. पहिली रांग मांडी घालून बसते, दुसरी तिच्या खांद्यावर रेलते, आणि प्रत्येक पकडीला ही भिंत वीतभर पुढे सरकते. “धर बे त्याले!” “बोनस झाला ना सर!” “मांगचा पाय पाहा, मांगचा पाय!” हा ओरडा नुसता उत्साह नसतो. बऱ्याच जणांना नियम बारकाईने माहीत असतात, कारण शाळेपासून ते स्वतः खेळलेले असतात. म्हणूनच त्यांचा दाब जास्त. नियम माहीत नसलेल्याच्या ओरडण्याकडे पंच दुर्लक्ष करू शकतो. माहीत असलेला चूक काढतो तेव्हा पुढच्या निर्णयाला हात जड होतो.

हलगीचा एक परिणाम माझ्या आधी लक्षात आला नव्हता. दम ऐकू येईनासा होतो. अशा वेळी पंच चढाईपटूच्या ओठांकडे बघतात, आणि तेवढा वेळ नजर पायांवरून उठते. यजमानांच्या चढाईला हलगी गप्प आणि पाहुण्यांच्या चढाईला जोरात, असं होऊ लागलं तेव्हा सरपंचांनी खेळ थांबवला, दोन्ही संघनायकांना बोलावलं आणि चढाई चालू असताना वाद्य वाजणार नाही असं बजावलं. वाजवणाऱ्यांनी ऐकलं. सांगणारा ठाम असला की लोक ऐकतात, हे मी अनेक मैदानांवर पाहिलं आहे.

मुलींच्या सामन्यात हा ठामपणा जास्त लागतो. कोपऱ्यातल्या एका टोळक्याने शेरेबाजी सुरू केली. खेळाडूंनी लक्ष नाही असं दाखवलं, पण चढाई करणारी मुलगी त्या बाजूला जायचं टाळू लागली. म्हणजे बाहेरच्यांनी तिचं अर्धं मैदान काढून घेतलं. यजमान महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालकांनी ते टोळकं उठवून फाटकाबाहेर नेलं. पुढच्याच चढाईत ती त्या कोपऱ्यात गेली आणि दोन गडी टिपून आली. पंचगिरीचा हा भाग नियमांच्या पुस्तकात दोन ओळींत असेल, मैदानावर तो सगळ्यात मोठा आहे.

या पुस्तकामागे आपल्याच माणसांची मेहनत आहे. हुतूतूचे पूर्वी संजीवनी, गनिमी, अमर असे वेगवेगळे प्रकार होते. एकात बाद गडी पुन्हा उठे, दुसऱ्यात लोण चढेपर्यंत बाहेर बसे, तिसऱ्यात बाद होऊनही मैदानातच राही. गावागणिक खेळ बदलला तर परगावचा पंच न्याय कशाचा करणार? 1920 नंतरच्या दोन दशकांत महाराष्ट्रात नियम लिहिले गेले, छापले गेले. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. बुलडाण्याची महाविद्यालयं आज ज्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाखाली खेळतात, त्याच शहराची ही गोष्ट.

कॅनडा-अमेरिकेतल्या महाविद्यालयांची बर्फावरची हॉकी मी पडद्यावर पाहिली आहे. तिथे साध्या नियमभंगाला खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो आणि त्याचा संघ एक कमी घेऊन लढतो. आपल्या पिवळ्या कार्डालाही दोन मिनिटंच. पण कबड्डीत गडी कमी होणं हा शिक्षेचा नव्हे, खेळाचाच भाग, आणि डावपेचाची खरी मजा तिथे आहे. तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड केली तर अव्वल पकड, एक गुण जास्त. त्यामुळे हरणारा संघ कोपऱ्यात दबून चढाईपटूला आत खेचतो आणि जिंकणारा त्या तिघांजवळ जायला कचरतो. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाही तर चढाईपटू बाद. प्रशिक्षक त्या दोन चढाया मोजत बाहेरून बोटं दाखवत असतो.

त्या दिवशीचा शेवटचा सामना बरोबरीत सुटला आणि 5-5 चढायांवर गेला. पाच चढाईपटूंची नावं क्रमाने सरपंचांकडे द्यायची. बाद होणं, उठणं बंद. निदान रेषाच बोनस रेषा धरायची. पंचांची नजर मीटरभर मागे आली, प्रेक्षकांची मात्र जुन्याच रेषेवर. पाहुण्यांच्या चौथ्या चढाईत पंचांनी निदान रेषेवर बोनस दिला आणि यजमानांची बाजू उठून उभी राहिली. “कुठं बोनस? रेषा तं तिकडं हाये!” सरपंचांनी सामना थांबवला, दोन्ही संघनायकांसमोर नियम मोठ्याने सांगितला, निदान रेषेवर स्वतः पाय ठेवून दाखवला आणि गुण कायम ठेवला. यजमानांच्या संघनायकाने मागे वळून आपल्याच पोरांना हात खाली करायला सांगितलं. पाचवी चढाई झाली, पाहुणे एका गुणाने जिंकले, आणि गुणपत्रकावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्यावर फक्कीचं घमेलं दुसऱ्या दिवशीच्या मैदानाकडे गेलं.